माने हवालदारांची ओली फरशी

सांगलीत विश्रामबागेच्या अलीकडे एका गल्लीत सायकलचं एक दुकान होतं, तिथे सायकल मिळत नसे. टायर, ट्यूब, घंटी, कॅरियर यांतलंही काही मिळत नसे. दुकानाच्या पाटीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं, ‘येथे पाय पाहून पायडल बसवून मिळेल’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत, ‘हवालदार आनंदराव माने (निवृत्त)’. पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा मला वाटलं, रंगाऱ्यानं काहीतरी घोटाळा केलाय. आत गेल्यावर कळलं की रंगारी शहाणा होता, मालकच तसे होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी वाईहून बदली होऊन सांगलीला बँकेत आलो होतो. वय तीस, पोट चाळिशीचं. डॉक्टरांनी त्या पोटाकडे नुसतं बोट दाखवलं आणि मी पुण्याच्या मावसभावाकडून त्याची जुनी शर्यतीची सायकल घेऊन आलो. तिची पायडलं भलतीच होती. तोवर मी शर्यतवाल्यांच्या पायडलांना पिंजरा आणि चामडी पट्टा पाहिला होता. पाय आत सारायचा, पट्टा आवळायचा, उतरताना वाकून सैल करायचा. हिच्या पायडलांना ना पिंजरा ना पट्टा. बुटाच्या तळव्याला एक पट्टी स्क्रूनं बसवायची, ती पायडलातल्या स्प्रिंगमध्ये खट्कन अडकते, आणि टाच बाहेर फिरवली की सुटते, असा तो प्रकार. माझ्याकडे पायडलं होती, बूट नव्हते. कुणीतरी म्हणालं, माने हवालदारांकडे जा.

“पायडलं हायत, बूट न्हाईत,” हवालदार सायकलकडे बघत म्हणाले. “बरं हाय.”

“बरं कसं?”

“बूट असतं आन् चुकीचं असतं, तर मला दोन कामं पडली असती. किती वाजलं?”

“साडेनऊ. बँकेत जाता जाता आलो.”

“मंग संध्याकाळी या. सकाळचा पाय खोटा असतोय. दिसभर त्याच्यावर हुबं ऱ्हावा, जरा फुगू दे, मंग माप घेऊ.”

गिऱ्हाईक दारात आलं असता त्याला परत पाठवणारा दुकानदार मी सांगली जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही. पेन्शन होती, वडूजला धाकटा भाऊ शेती बघत होता, त्यामुळे हवालदारांना ही चैन परवडत असेल. पण पेन्शन नसती तरी त्यांनी हेच केलं असतं अशी माझी खात्री आहे.

संध्याकाळी गेलो. दुकानात काळी शहाबादी फरशी होती आणि ती आरशासारखी पुसलेली होती. दाराशी पाण्यानं भरलेलं घमेलं. हवालदारांनी चप्पल काढायला लावली, दोन्ही पाय घमेल्यात बुडवायला लावले, आणि बाजूला सरून असा काही आवाज दिला, “चाल!” की मी पोट आत घेतलं, छाती पुढे काढली आणि समोरच्या भिंतीवर झेंडा असल्यासारखा चालत गेलो. वळून पाहिलं तर हवालदार उकिडवे बसून माझ्या ओल्या पावलांभोवती खडूनं रेघ ओढत होते. पाणी वाळायच्या आत दोन्ही पावलं काढून झाली. मग त्यांनी त्यावर वर्तमानपत्राचा कागद ठेवला, ठसा उतरवला आणि माझं नाव घालून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. त्या भिंतीवर असे पन्नास-साठ कागद असतील. सांगली-मिरजेतल्या सगळ्या सायकलवाल्यांचे पाय तिथे टांगलेले होते.

“सपाट हाय तुमचा पाय,” ते म्हणाले. “आन् रुंद. बँकेत बसून बसून पसरलाय.”

त्यांचा क्रम ठरलेला असे. पहिला पाय, मग बूट, मग पट्टी, मग पायडल, आणि सायकल सगळ्यात शेवटी. लोक नेमके उलटीकडून यायचे. चकचकीत सायकल आधी घ्यायची, तिला शोभेल असं पायडल घ्यायचं, पायडलाला जमेल तो बूट घ्यायचा आणि त्यात पाय कोंबायचा. हवालदार म्हणायचे, “पाय तेवढा देवानं दिलाय, बाकी समदं बाजारात मिळतंय. मंग तासायचं कुणाला?”

आमच्या इथल्या एका डॉक्टरांचा किस्सा त्यांच्याकडून नव्हे, खुद्द डॉक्टरांकडूनच ऐकला. त्यांच्या मेव्हण्यानं परदेशातून बूट आणले आणि भावानं दुसरीकडून पायडलं. बुटाच्या तळव्याला पट्टीसाठी दोन भोकं, पायडलाच्या पट्टीला तीन. जमणार कसं? डॉक्टर म्हणाले, त्यात काय, ड्रिल घ्या आणि तिसरं भोक पाडा. हवालदारांनी बूट उलटा करून तळव्यावर टिचकी मारली. म्हणाले, “डाक्टर, तुमच्याकडं पेशंट आला. चष्मा चुलत्याचा हाय, दिसत न्हाई म्हणाला. तर तुमी चष्मा बदलाय सांगता का त्याचा डोळा तासता?” डॉक्टर ओशाळून हसले. हवालदारांनी मग त्यांना समजावून सांगितलं, की तळव्यात आत पत्रा असतो, भोकं त्याच्या हिशेबानं असतात. नुसत्या तळव्यात पाडलेलं भोक महिनाभर धरतं आणि एके दिवशी चढावर जोर लावताना स्क्रू उपटून हातात येतो. तोवर माणूस खाली पडलेला असतो. डॉक्टरांनी पायडलं भावाला परत दिली आणि बुटाला जमतील अशी दुसरी आणली.

बूट-पायडल जमलं की काम संपलं असं नसे. दुकानात एक लाकडी घोडी होती. तिच्यावर सायकल चढवायची, एक हात भिंतीला टेकायचा आणि पाय अडकवायचा, सोडवायचा. प्रत्येक पायानं शंभर वेळा. “अडकणं कुणालाबी जमतंय,” हवालदार म्हणायचे, “जवान, सुटायचं शीक. टाच भाईर! टाच भाईर!” त्यांच्या लेखी सगळेच जवान होते, डॉक्टरसुद्धा. मला तेवढं ते ‘सायेब’ म्हणत, बहुधा माझ्या पोटाचा मान राखून.

माझे बूट आल्यावर मी चाळीस वेळा केलं आणि कंटाळलो. दुसऱ्याच दिवशी मंडईच्या कोपऱ्यावर बैलगाडी आडवी आली. मी ब्रेक दाबला, सायकल थांबली, पाय मात्र जागचे हलेनात. मी सायकलसकट सावकाश, अगदी सगळ्यांना नीट बघता येईल अशा बेतानं डावीकडे कललो आणि एका बाईंच्या कोथिंबिरीवर आडवा झालो.

“आवं उतरा की!” बाई ओरडल्या.

“पाय अडकलाय!”

“मंग सोडवा की! हितं माज्या कोथमिरीवर कशापायी निजलाय?”

हवालदारांना हे कळल्यावर ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, “कितीदा केल्तं?” मी खरं सांगितलं. “शंभर सांगितल्यालं,” एवढंच म्हणून ते मंडईत गेले, आणि चिरडलेल्या सगळ्या जुड्या विकत घेऊन घरी आले. आपण पायडल बसवून दिलेला माणूस पडला, म्हणजे नुकसान आपलं, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या बायकोनं, ताराबाईवहिनींनी, पुढचे चार दिवस कोथिंबिरीच्या वड्या केल्या. त्यातल्या अर्ध्या मी खाल्ल्या, त्यामुळे पोट जिथल्या तिथे राहिलं.

हळूहळू रविवारी तिथे जाऊन बसायचा मला नाद लागला. दुकानाच्या मागेच त्यांची राहायची खोली, मध्ये एक पडदा. हवालदार इस्त्रीची खाकी अर्धी चड्डी आणि पांढरा गंजिफ्रॉक घालून बसलेले असत. समोर टॉवेलवर पाने, स्क्रू-ड्रायव्हर, एलन-की उंचीप्रमाणे रांगेत मांडलेल्या. एखादी तिरकी झाली तर बोलता बोलता ती सरळ करत. चहा पितळी मगातून. फौजेत असताना ते पलटणीच्या सायकल टीममध्ये होते, आणि त्यांच्या काळात त्यांना सपाटीवर कुणी धरू शकत नसे असं लोक सांगत. ते स्वतः काही सांगत नसत. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. हा सायकलवेडा माणूस स्वतः कधी सायकलवर बसत नसे. मिरजेला जायचं तरी चालत किंवा एसटीनं.

मला तिथे एक काम मिळालं होतं. पायडलांच्या खोक्यांत इंग्रजी माहितीपत्रकं असायची, ती वाचून मराठीत सांगायची. हवालदार एकाग्र होऊन ऐकत, आणि ऐकून झाल्यावर त्यातलं निम्मं अमान्य करत. सगळ्यात मोठा वाद पट्ट्यांच्या रंगावरून होता. काळी पट्टी पाय पक्का धरून ठेवते. लाल पट्टीत पाय अडकलेला असतानाही जरासा इकडेतिकडे फिरू शकतो. पत्रकात लिहिलं होतं की प्रत्येकाचा पाय आपापल्या कोनात असतो, पट्टी त्या कोनात लावावी, आणि शंका असेल तर लाल वापरावी.

“पाय हलायला कशापायी पायजे?” हवालदार म्हणाले. “आवं, सावधानमंदी पाय हलला तर सुभेदार काय करत हुता ठावं हाय? काळीच लावायची. सरळ, नाकासमोर.”

“पण पाय वाकडा असला तर?”

त्यांनी भिंतीकडे हात केला. “बगा की. साठ माणसांचं पाय टांगल्यात. एक तरी वाकडा हाय का?”

खरंच नव्हता. साठच्या साठ पावलं शिस्तीत नाकासमोर. लाल पट्ट्या एका पत्र्याच्या डब्यात पडून राहायच्या.

त्याच सुमारास सुनंदा आली. शिराळ्याकडची शेतकऱ्याची मुलगी, आत्याकडे राहून कॉलेज करत होती. उंच, काटक, बोलायला कमी. जिल्ह्यात तिच्यासारखी सायकल मारणारी मुलगी नव्हती, मुलंही फार नव्हती. रेल्वेत खेळाडूंच्या जागा निघणार होत्या आणि साताऱ्याला होणाऱ्या निवड चाचणीत पहिल्या तिघींत आलं तर नोकरी पक्की होती. नाही आलं तर काय, हेही पक्कं होतं. वडिलांनी सांगून टाकलं होतं की ही एक चाचणी बघू, नाहीतर उन्हाळ्यात लग्न.

तिचा चुलतभाऊ फौजेत होता. त्यानं कुणाकडून तरी पायडलं मिळवून पाठवली, आणि बूटही. बूट पुरुषी, दोन नंबरांनी मोठे, आणि भोकांचा तोच डॉक्टरी घोटाळा. तिच्यापुरता जगात तेवढाच एक जोड होता. हवालदारांनी बूट उलटेपालटे करून पाहिले. मग पायडलं ठेवून घेतली, बूट परत खोक्यात घातले आणि म्हणाले, “उद्या मिरजंला जायचं.”

मिरजेला दवाखाने चिक्कार. तिथे पोलिओ झालेल्या मुलांसाठी बूट शिवणारे एक म्हातारे कारागीर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी जन्मात सायकलचा बूट पाहिला नव्हता, पण दोन पाय एकसारखे नसतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. हवालदार सुनंदाच्या पावलांचा कागद घेऊन गेले. तीन भोकांची पट्टी, आतला पत्रा, न वाकणारा तळवा, सगळं समजावून सांगितलं. चाचांनी पहिला जोड केला तो हवालदारांनी नापास केला. दुसरा चाचांनीच नापास केला. तिसरा सुनंदाच्या पायात मोज्यासारखा बसला. काळं चामडं, पांढरी शिलाई. “हवालदारमामा, लय भारी झाल्यात,” ती म्हणाली, आणि मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. हवालदारांनी तळव्याला काळ्या पट्ट्या लावल्या, सरळ, नाकासमोर. फूटपट्टीनं मापून, दोरा धरून.

दोन-अडीच महिने सगळं उत्तम चाललं. पहाटे तासगाव रस्त्यावर ती उसाच्या बैलगाड्यांना मागे टाकत जायची. चाचणीला सहा आठवडे होते. एक दिवस दुपारी ती आमच्या बँकेत भावाचा ड्राफ्ट घेऊन आली. काम झालं, ती निघाली, आणि मी सहज दाराकडे पाहिलं. बँकेच्या चार पायऱ्या ती कठडा धरून आडवी होऊन उतरत होती, एकेक. मी बाहेर धावलो.

“काय झालं गं?”

“काय न्हाई.”

“डावा गुडघा?”

तिनं गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, “पंधरा दिस झालं. सायकलवर बसलं की आतनं टोचतंय. सायेब, मामांस्नी सांगू नगा. त्येनी येवढं केलं. त्यास्नी वाटंल, पोरगी रडी हाय.”

मी तिला ‘नाही सांगणार’ म्हणालो, आणि तडक हवालदारांच्या घरी मागच्या दारानं गेलो. हवालदारांना सांगायची छाती नव्हती म्हणून वहिनींना सांगितलं. वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांचे हात थांबले.

“डावाच गुडघा व्हय?”

“हो.”

“बाळूभावजींचा बी डावाच.”

मग त्यांनी जे सांगितलं ते त्या घरात कधी बोललं जात नसे. बाळू म्हणजे हवालदारांचा धाकटा भाऊ, वडूजला शेती बघणारा. हवालदारांनी रजेवर येऊन येऊन त्याला सायकलवर तयार केलं होतं. तेव्हाच्या बुटांना पट्टी खिळ्यांनी ठोकायचे. ती हवालदारांनी स्वतः ठोकली. बाळू शर्यती मारायला लागला, दोन वर्षांत नाव झालं, आणि गुडघा दुखतोय हे त्यानं वर्षभर कुणाला सांगितलं नाही. थोरल्या भावाला तर नाहीच. कळलं तेव्हा गुडघ्यातली गादी झिजून गेली होती. तेव्हापासून तो लंगडतो, आणि सायकल घरात दिसली तर बाहेर निघून जातो. “त्येनी सोडली त्या दिसापासनं हे बी बसलं न्हाईत,” वहिनी म्हणाल्या. “पर चूक काय झाली हे काय ह्यास्नी गावलं न्हाई. पावलं काढायचं खूळ तवापासनंच घेतलंय डोक्यात, पुना कुणाचा गुडघा जाऊ नये म्हणून.”

ज्या भीतीपोटी या माणसानं आयुष्यभर फरशी ओली केली, तीच गोष्ट त्याच्या हातून त्याच फरशीवर पुन्हा होत होती.

रविवारी सुनंदाची यायची वेळ होती. मी तिच्याआधी पोचलो, हातात ते माहितीपत्रक घट्ट धरून. पट्टी पायाच्या कोनात नसेल तर गुडघ्याला पीळ बसतो, असं त्यात बारीक अक्षरांत होतं. हवालदार नुकतीच फरशी पुसून, घमेलं भरून बसले होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. गुडघा, पायऱ्या, पंधरा दिवस. बाळूचं नाव घेतलं नाही. हवालदारांचा चेहरा पांढरा पडला, आणि लगेच लाल झाला.

“माज्या मापात चूक न्हाई,” ते म्हणाले. भिंतीवरून सुनंदाचा कागद ओढून काढला आणि माझ्यासमोर धरला. “बगा! हाय वाकडा? कुठं हाय वाकडा?”

दोन्ही पावलं सरळ होती.

एवढ्यात सुनंदा आली. आमचे चेहरे बघून ती दारातच थबकली आणि तिला सगळं कळलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला मान खाली घालावी लागली. हवालदार तिला म्हणाले, “पाय भिजीव. पुना काढू माप.” तिनं चप्पल काढली, पाय घमेल्यात घातले, आणि हवालदार ‘चाल’ म्हणणार, तेवढ्यात पडद्यामागून वहिनींची किंकाळी आली.

“सुनंदा! दूध चाललं उतू! धाव, पोरी, माजा हात पिठात हाय!”

सुनंदा ओल्या पायांनी धावली. चार-पाच पावलं फरशीवर उमटली आणि ती पडद्याआड गेली.

हवालदार खाली बघत होते. मीही बघितलं. उजवं पाऊल सरळ होतं. डाव्याचा चवडा बाहेर वळलेला होता, चांगला दोन बोटं. एका पावलात नव्हे, प्रत्येक पावलात.

“ही कुणाची?” हवालदार म्हणाले.

पडदा सरकवून वहिनी दारात उभ्या राहिल्या. हात स्वच्छ होते. मागे स्टोव्हवर भांडंसुद्धा नव्हतं. “तिचीच हायत,” त्या म्हणाल्या. “तुमी ‘चाल’ म्हणलं की समदी माणसं परेडीला निघाल्यागत चालत्यात. आवं, तुमचा आवाज ऐकून ह्यो बँकवाला सायेब बी पोट आत घेतोय. त्यो कागूद पायाचा न्हाई, तुमच्या आवाजाचा हाय.”

हवालदारांनी भिंतीवरच्या साठ कागदांवरून नजर फिरवली. सगळे सरळ, नाकासमोर. मग ते खाली बसले. सुनंदाचं पाऊल वाळत चाललं होतं, त्याच्याभोवती त्यांनी खडूनं रेघ ओढली. रेघ तुटक तुटक आली.

“बाळू बी माज्याम्होरं असाच चालला असंल,” ते म्हणाले. वहिनींना म्हणाले, की मला, की स्वतःला, कोण जाणे.

मग त्यांनी सुनंदाला बोलावलं. ती आत्ता रडते की मग अशी उभी होती. आणि या साठीला टेकलेल्या माणसानं तिच्यासमोर टाचा जुळवल्या, सावधान उभा राहिला, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “चूक माजी हाय, जवान. तुजी न्हाई, सायकलची न्हाई, पायाची न्हाई. दुखतंय म्हणलीस न्हाईस, ती बी माजीच चूक. आजपासनं पंधरा दिस सायकल बंद.”

“मामा, चाचणी!”

“गुडघा ऱ्हायला तर चाचण्या धा येतील.”

चूक कबूल करणारी वडीलमाणसं मी फार थोडी पाहिली आहेत. बहुतेकांना ती एकांतात कबूल करायची असते, आणि तीही अर्धी. हवालदारांनी ती एका वीस वर्षांच्या मुलीसमोर सावधानच्या पवित्र्यात केली. त्या क्षणी मला त्यांचा जितका आदर वाटला तितका त्यांच्या सगळ्या कौशल्याचाही वाटला नव्हता.

त्या दिवशी त्यांनी काळ्या पट्ट्या काढल्या, डब्यातून लाल काढल्या आणि मला ते पत्रक पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. या वेळी एकही वाक्य अमान्य केलं नाही. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं शिराळ्याला गेले. सुनंदाच्या वडिलांना म्हणाले, पोरगी या खेपेला मागं पडली तर दोष माझा आहे, तिला अजून एक साल द्या. वडील ‘बगू’ म्हणाले. शेतकरी माणूस, एवढ्यावर कोण किती बोलणार. पंधरा दिवस हवालदारांनी सगळं केलं, सुनंदाच्या गुडघ्याला रोज शेक देणं तेवढं बाकी ठेवलं, आणि ते वहिनींनी केलं.

चाचणीला आम्ही साताऱ्याला गेलो. डिसेंबरची थंडी, अजिंक्यताऱ्याच्या अंगावर धुकं. एकेकीला मिनिटामिनिटाच्या अंतरानं सोडत होते. सुनंदाचे वडील फेटा कानावर ओढून रस्त्याच्या कडेला उभे होते. सगळे घड्याळाकडे बघत होते. हवालदारांनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. सुनंदा आली, रेषा ओलांडून पुढे गेली, वळली, टाच बाहेर फिरवली, खट्, पाय सुटला, आणि ती उतरून चालत आमच्याकडे आली. डावा चवडा जरासा बाहेर. लंगडत नव्हती. “दुखतंय?” हवालदारांनी विचारलं. “न्हाई, मामा. आयशप्पत न्हाई.” तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

ती चौथी आली. पहिल्या तिघींत नाही.

हवालदार वडिलांसमोर जाऊन उभे राहिले, तसेच टाचा जुळवून. वडील लेकीच्या बुटांकडे बघत होते. मग म्हणाले, “पुढल्या साली बी हितंच असतंय व्हय?”

पुढच्या साली ती दुसरी आली. आज ती रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर आहे, तिच्या मुलाला माझ्यापेक्षा उत्तम मराठी येतं आणि सायकल मुळीच येत नाही, ते असो.

चाचणीहून परतताना मात्र हवालदार आमच्याबरोबर सांगलीला आले नाहीत. सातारच्या स्टँडवर त्यांनी आम्हाला गाडीत बसवलं आणि स्वतः वडूजच्या गाडीत चढले. तिथे भावाशी काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. वहिनींनीही कधी सांगितलं नाही. परत आल्यावर त्यांनी भिंतीवरचे सगळे कागद उतरवले आणि एकेका गिऱ्हाइकाला निरोप धाडून पुन्हा बोलावलं. आता ते ‘चाल’ म्हणत नसत. फरशी ओली करायचे आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. आतून वहिनी चहाला हाक मारायच्या. माझंही माप पुन्हा झालं, आणि माझे दोन्ही चवडे बदकासारखे बाहेर निघाले. माझ्या पट्ट्या लाल झाल्या.

वर्ष-दीड वर्षानं माझी बदली वाईला झाली. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी निरोप घ्यायला गेलो. दुकानाच्या उंबऱ्यावर एक माणूस बसला होता. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, पांढरा शर्ट, विजार. चेहरा हवालदारांचाच, फक्त सैल. चपला काढलेल्या होत्या आणि त्यातली डावी बाहेरच्या अंगानं पार झिजलेली होती. मी ओळखलं आणि दारातच थांबलो.

“बूट-बीट काय नगं मला, दादा,” तो म्हणत होता. “सायकल तर न्हाईच न्हाई. निस्ती चप्पल नीट हुतीय का बग, चाचाकडनं. वयनी लईच मागं लागल्या म्हणून आलो.”

हवालदारांनी घमेलं भावापुढे ठेवलं. बाळूनं एक पाय आत घातला, मग हातानं गुडघा धरून दुसरा. तो उठून उभा राहिला. हवालदारांनी तोंड उघडलं, जन्माची सवय, आणि मिटलं. मग ते वळले, भिंतीजवळ गेले आणि तिच्याकडे तोंड करून उभे राहिले, हात मांडीला चिकटवून, अगदी सरळ. त्यांनी मागे पाहिलं नाही.

बाळूनं त्यांच्या पाठीकडे बघितलं. मग तो जसा चालत होता तसाच, डावा पाय ओढत, ओल्या फरशीवरून भावाकडे चालत गेला.